संवाद आणि प्रतिसाद

नगर ही केवळ घरांची दाटी नसते. अपरिचितांनी परस्परांशी कसे वागावे याविषयीची एक अलिखित संहिता प्रत्येक नगर आपल्यापुरती घडवीत असते. गावगाड्यात ही संहिता चावडी, पार, पाणवठा आणि देऊळ यांच्या आश्रयाने नांदत होती; ती जितकी जिव्हाळ्याची होती तितकीच निर्दयही होती, हे विसरता येत नाही. आधुनिक नगराने या स्थानांच्या जागी रस्ता, उद्यान, बाजार, स्थानक आणि फाटक यांना आणले. गेल्या पाव शतकात या प्रत्येक ठिकाणी एक नवे यंत्र येऊन उभे राहिले आहे. हे यंत्र मुके नाही. ते विचारते, उत्तराची वाट पाहते आणि मिळालेल्या उत्तराप्रमाणे दार उघडते किंवा मिटते. मराठीत अशा यंत्राला 'संवादी' किंवा 'परस्परसंवादी' असे विशेषण लावण्याची प्रथा पडली आहे. हे विशेषण त्याला कितपत शोभते, आणि शोभत नसेल तर त्याची किंमत कोण मोजतो, हा येथील विचाराचा विषय आहे. प्रश्न वरवर भाषेचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे.

'संवाद' हा शब्द भारतीय परंपरेत फार मोठे ओझे वाहत आला आहे. अनेक उपनिषदांचा आणि गीतेचा घाटच संवादाचा आहे. ज्ञानेश्वरीत तर श्रोत्यांचे अवधान आणि त्यांची उत्कंठा ही ग्रंथाच्या रचनेचा भाग होऊन येतात. संगीतशास्त्रातही हा शब्द आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वादी, संवादी, अनुवादी आणि विवादी अशी स्वरांची चतुर्विध व्यवस्था सांगितली आहे. या मांडणीत विवादी स्वरालाही नाव आहे, स्थान आहे. कुशल गायक त्याचा जपून उपयोग करतो आणि रागाची शोभा वाढवतो. कठोपनिषदातील नचिकेत्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तिसऱ्या वराच्या वेळी यमाने त्याच्यापुढे पुत्रपौत्र, संपत्ती, दीर्घायुष्य अशी प्रलोभनांची एक यादीच ठेवली. त्या यादीतून त्याने एखादी वस्तू निवडली असती तर तो एक सुरळीत व्यवहार ठरला असता. त्याने यादी नाकारली आणि मृत्यूनंतर काय, हा आपला प्रश्न कायम ठेवला. म्हणूनच तो प्रसंग संवाद ठरला. तात्पर्य, ऐकणाऱ्याने न योजलेले काही बोलण्याची मोकळीक जेथे बोलणाऱ्याला असते तेथे संवाद सुरू होतो. योजून ठेवलेल्या उत्तरांतून एकाची निवड करणे याला प्रतिसाद म्हणावे. प्रतिसाद हलका नव्हे. नागरी जीवनातील बरेचसे व्यवहार त्यावरच चालतात. मात्र त्याला संवाद म्हटले की काहीतरी झाकले जाते.

या भेदाचा कस पाहण्यासाठी दिल्लीतील मयूर विहार हा परिसर उपयोगी पडतो. यमुनेच्या पूर्वेकडील ही वसाहत प्रामुख्याने १९८० च्या दशकापासून आकाराला आली. दिल्ली विकास प्राधिकरणाने बांधलेली घरे, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती, संकुलाभोवती कुंपणभिंत आणि भिंतीला फाटक, असे तिचे रूप आहे. तिच्या अगदी लगत त्रिलोकपुरी आहे. जवळच कल्याणपुरी आणि खिचडीपूर आहेत. या वस्त्या मयूर विहारच्या आधीच्या. आणीबाणीच्या काळात नगरातील झोपडवस्त्या हलवून तेथील लोकांना येथे लहान लहान भूखंडांवर वसवण्यात आले. एका बाजूला नियोजनाचा लाभ घेऊन आलेले लोक आणि दुसऱ्या बाजूला नियोजनासाठी हलवलेले लोक, असे हे शेजारपण आहे. अशा शेजारपणात एका वस्तीतील माणसे दुसऱ्या वस्तीतील स्वयंपाकघरांत, जिन्यांवर आणि वाहनतळांवर कामाला जातात, आणि त्यांची वाट फाटकातून जाते.

या फाटकांवर पूर्वी चौकीदार आणि त्याची नोंदवही असे. नाव, वेळ, कोणाकडे, सही आणि शेवटी 'शेरा', असे तिचे रकाने. दिल्ली परिसरातील अनेक गृहसंकुलांत आता या वहीची जागा मोबाइलवरील ॲपने घेतली आहे. पाहुणा आला की रहिवाशाच्या पडद्यावर सूचना उमटते. त्याने प्रवेश द्यावा किंवा नाकारावा. घरकामाला येणाऱ्या बाईला एक सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. तो सांगितला की तिच्या येण्याची वेळ नोंदली जाते आणि घरमालकिणीला ती तत्काळ कळते. काही ॲपमध्ये तिच्या कामाविषयी अभिप्राय नोंदवण्याचीही सोय असते. या देवघेवीत रोज जिची नोंद होते, तिला स्वतःला मात्र त्यात काही विचारता येत नाही. कोणत्या घरी पगार वेळेवर मिळतो, कोणत्या घरी आजारपणाची सुट्टी कापली जाते, हे तिने नोंदवावे असा रकाना तेथे नसतो. यंत्र रहिवाशाशी बोलते आणि बाईविषयी बोलते. 'शी' आणि 'विषयी' यांतला हा व्याकरणाचा फरक नीतीचाही फरक आहे.

जुन्या वहीचा गौरव करण्याचे अर्थात कारण नाही. शेऱ्याचा रकाना तेव्हाही चौकीदाराच्या हाती होता. बाईच्या हाती तो कधीच नव्हता. चौकीदाराची लहर, त्याची अरेरावी, त्याने उगाच ताटकळत ठेवणे हेही त्या व्यवस्थेचे अंग होते. परंतु चौकीदार माणूस होता. त्याच्याशी भांडता येई. मूल तापाने फणफणले म्हणून उशीर झाला, हे त्याला सांगता येई. यंत्राने त्याची लहर काढून टाकली, हा लाभ खराच. त्या लहरीबरोबर त्याचे ऐकणेही गेले, हे मात्र कोणाच्या हिशेबात येत नाही.

याच मयूर विहारात १६ ऑगस्ट २०११ रोजी सकाळी अण्णा हजारे यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. लोकपाल विधेयकासाठी उपोषणाला ते निघण्याच्या बेतात होते. राळेगणसिद्धीच्या या कार्यकर्त्याभोवती त्या वर्षी जे देशव्यापी आंदोलन उभे राहिले, त्यात 'मिस्ड कॉल'चा साधन म्हणून उपयोग करण्यात आला. जाहीर केलेल्या क्रमांकावर फोन करावा, घंटी वाजून तो तुटावा आणि करणाऱ्याचा पाठिंबा नोंदला जावा, अशी ती योजना होती. मिस्ड कॉल हा मुळात काटकसरीतून लोकांनी लावलेला शोध. 'पोचलो', 'खाली ये', 'आता तू फोन कर' असे निरोप त्यातून एक पैसाही न खर्चता जात असत. त्याला साक्षरता लागत नाही, महागडे उपकरण लागत नाही. सार्वजनिक साधन म्हणून इतकी समावेशक रचना क्वचितच सापडेल.

तरीही तिची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. दोन ओळखीच्या माणसांत मिस्ड कॉलचा अर्थ दोघांनी मिळून ठरवलेला असतो. जाहीर क्रमांकावर केलेल्या मिस्ड कॉलचा अर्थ मोजणारा एकटाच ठरवतो. त्यातून 'हो' म्हणता येते; 'हो, पण' म्हणता येत नाही. लोकपाल हवा, मात्र त्याचा मसुदा वेगळा हवा, असे त्या काळी अरुणा रॉय आणि त्यांचे सहकारी म्हणत होते. त्यांच्या मांडणीला अशा मोजणीत जागा असणे शक्यच नव्हते. मोजणी वाढत जाते तसतसा या 'पण'चा आवाज क्षीण होत जातो. लोकशाहीचे मर्म मात्र बहुधा त्या 'पण'मध्ये असते.

होकार-नकाराच्या पलीकडे जाणारी रचना करता येते का? दिल्लीतच या दिशेने झालेले दोन प्रयत्न विचारात घेण्याजोगे आहेत. त्यांपैकी पहिला बराच गाजला. जानेवारी १९९९ मध्ये कालकाजी येथे एनआयआयटी या संगणक-शिक्षण संस्थेच्या कार्यालयाच्या भिंतीत छिद्र पाडून, पलीकडच्या झोपडवस्तीच्या बाजूला तोंड करून एक संगणक बसवण्यात आला. सुगत मित्र यांची ही कल्पना. शिक्षक नाही, शुल्क नाही, वेळापत्रक नाही. मुलांनी यावे, चाळवावे, एकमेकांना दाखवत शिकावे. मुले खरोखरच शिकली, आणि पुढे महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यासह देशात अनेक ठिकाणी अशी केंद्रे निघाली. कुतूहलावर आणि मुलांच्या परस्परसाहाय्यावर एवढा विश्वास टाकणारा हा प्रयोग मनोवेधक होता, यात शंका नाही. परंतु याच धर्तीवर दिल्लीत शासनाच्या साहाय्याने उभारलेल्या एका केंद्राविषयी मार्क वॉर्शॉअर या अभ्यासकाने २००३ साली जे नोंदवले ते अस्वस्थ करणारे आहे. हिंदीतून उपयोगी पडेल असे तेथे फारसे काही नव्हते, इंटरनेटची जोडणी क्वचितच चाले, आणि मुलांचा बहुतेक वेळ चित्रे रंगवण्यात व खेळ खेळण्यात जाई. वस्तीतील पालकांची मते संमिश्र होती. यंत्र वस्तीत आले होते. मात्र ते काय असावे, कोणत्या भाषेत असावे आणि कोणाच्या देखरेखीखाली असावे, हे वस्तीने ठरवले नव्हते.

'सर्वांसाठी खुले' या शब्दांची ही अपुरी बाजू मराठी वाचकाला अपरिचित नसावी. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुल्या करण्याचे धोरण मान्य झाले. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले झाल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले झाले. पाण्याला मात्र कोणी हात लावू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला पहिल्यांदा अर्थ प्राप्त झाला. न्यायालयाचा अंतिम निर्णय त्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडावे लागले. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सार्वजनिकता हा वस्तूचा गुण नाही. माणसांमधील संबंधाचा तो गुण आहे. ज्याला आत येताना 'तू कोण, कशाला आलास' याचे उत्तर द्यावे लागते आणि ज्याला ते द्यावे लागत नाही, अशा दोघांसाठी एकच तळे दोन निरनिराळी तळी असतात. संगणक असो वा स्थानक, फाटक असो वा उद्यान, ही कसोटी तेथेही तशीच लागू पडते.

दिल्लीतील दुसरा प्रयत्न कालकाजीइतका प्रसिद्धी पावला नाही. 'अंकुर' ही शिक्षणक्षेत्रातील संस्था आणि विकासशील समाज अध्ययन पीठाचा 'सराय' हा उपक्रम यांनी मिळून २००१ साली 'सायबरमोहल्ला' नावाचे काम सुरू केले. लोकनायक जयप्रकाश रुग्णालयाजवळची वस्ती, दक्षिणपुरी आणि यमुनेच्या पश्चिम काठावरची नांगला माची येथे लहान खोल्यांतून संगणक ठेवण्यात आले. यंत्रे साधी होती, आज्ञावली मुक्त स्वरूपाची होती. वस्तीतील तरुण मुले-मुली तेथे येऊन लिहीत, एकमेकांना वाचून दाखवीत, ध्वनी आणि छायाचित्रे जमवीत, भित्तिपत्रे काढून गल्लीत लावीत. येथे संगणकाला कोणी प्रश्न विचारत नव्हते आणि संगणकही कोणाला पर्याय देत नव्हता. तो पाटीसारखा, कागदासारखा मध्ये होता. बोलणे माणसामाणसांत चालले होते. कालकाजीच्या भिंतीतील संगणक मुलांना जगाची खिडकी उघडून देऊ पाहत होता. सायबरमोहल्ल्यातील संगणकावर मुले आपल्या गल्लीचे वर्णन करीत होती. पहिल्या प्रयोगात वस्ती प्रतिसाद देणारी होती, दुसऱ्यात ती बोलणारी झाली.

२००६ साली नांगला माची पाडण्यात आली. रहिवाशांपैकी काहींना दूर वायव्येला सावदा घेवरा येथे भूखंड मिळाले, अनेकांना काहीच मिळाले नाही. लिहिणाऱ्या मुलांनी हे सारे दिवसागणिक लिहून ठेवले: पाहणीला आलेले अधिकारी, घरांवर पडलेले क्रमांक, कागदपत्रांची शोधाशोध, पाडकामानंतरची शांतता. या आणि अशा लेखनातून 'बहुरूपिया शहर' हा हिंदी ग्रंथ २००७ साली सिद्ध झाला. पुढे त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. येथे एक कठोर प्रश्न उपस्थित होतो. त्या लेखनाने एकही घर वाचले नाही. मग त्या संवादाचे मोल काय? याचे उत्तर देताना भाबडेपणा टाळला पाहिजे. संवादाने न्याय मिळतोच असे नाही. परंतु जेथे संवाद झालेला नसतो तेथे अन्याय झाल्याचेही कोणाला कळत नाही. तेथे केवळ एक भूखंड मोकळा झाल्याची नोंद होते. नांगला माचीविषयी आज तसे म्हणता येत नाही, एवढे तरी त्या मुलांनी साधले.

मयूर विहारला या प्रश्नाचे आणखी एक रूप पाहायला मिळाले. मेट्रोच्या गुलाबी मार्गिकेचा लाजपत नगरहून येणारा भाग ३१ डिसेंबर २०१८ रोजी मयूर विहार पॉकेट-१ स्थानकापर्यंत येऊन थांबला. पलीकडे त्रिलोकपुरी संजय लेक स्थानकापासून पुढचा भाग त्याआधी दोन महिने सुरू झालेला होता. मधला तुकडा मात्र ६ ऑगस्ट २०२१ पर्यंत जोडला गेला नाही, कारण तेथे त्रिलोकपुरीतील लोकांची घरे होती आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न सुटायचा होता. अडीच वर्षांहून अधिक काळ एक मार्गिका दोन तुकड्यांत चालत राहिली. प्रवाशांची गैरसोय झाली, हे उघड आहे. स्थानकातील यंत्रे या काळातही चोख काम करीत होती. कार्ड टेकवताच फाटक उघडत होते. पण मार्गिका का तुटली आहे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. ते उत्तर काही घरांत राहत होते, आणि ते मिळवण्यासाठी माणसांनी माणसांशी बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते. योजनेच्या परिभाषेत अशा घरांना 'अडथळा' म्हणण्याची रीत आहे. संगीताच्या परिभाषेत त्यांना विवादी स्वर म्हणता आले असते, आणि मग त्यांच्यासाठी लागलेला वेळ वाया गेला असे वाटले नसते.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की प्रत्येक यंत्राला पर्याय मर्यादित ठेवावेच लागतात. मतपत्रिकाही अखेर नावांची यादीच असते. हे खरे आहे. परंतु मतपत्रिकेच्या आधी सभा असतात, वृत्तपत्रे असतात, पारावरच्या गप्पा असतात. मत हे दीर्घ संभाषणाचे शेवटचे वाक्य असते. शिवाय २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर त्या यादीच्या तळाशी 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय आला. त्याने निकाल बदलत नाही, तरी यादीच अमान्य करण्याचा नागरिकाचा अधिकार यंत्रावर लिहिला गेला. फाटकावरील यंत्राच्या मागे असे संभाषण नसते आणि त्याच्या तळाशी असा पर्यायही नसतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. फाटकामागे एकटी राहणारी वृद्ध माणसे असतात, लहान मुले असतात. त्यांच्या भीतीला तुच्छ लेखण्याचा अधिकार कोणालाच नाही. कोण आले आणि कोण गेले याची नोंद त्यांना धीर देते. परंतु नोंद ही कधीच निरागस नसते, याची आठवण ठेवण्यासाठी मयूर विहारला दूर जावे लागत नाही. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये शेजारच्या त्रिलोकपुरीत शीख कुटुंबांचे जे शिरकाण झाले ते दिल्लीतील सर्वांत भीषण घटनांपैकी एक होते; आणि त्या दिवसांत हल्लेखोरांच्या हाती घरांच्या याद्या असल्याच्या साक्षी पुढे नोंदवल्या गेल्या. याद्या कोणत्याही हत्येसाठी तयार झालेल्या नव्हत्या. त्या कारभारासाठी होत्या. ज्यांची नावे त्यांत होती त्यांना त्या कोण वाचतो आहे हे कळण्याची सोय मात्र नव्हती. सुरक्षिततेचा विचार फाटकाच्या एकाच बाजूने केला तर तो अर्धाच राहतो.

म्हणून सार्वजनिक यंत्र घडवणाऱ्यावर येणारी जबाबदारी केवळ कौशल्याची नसते. त्याच्या व्यवसायात समोरच्या माणसाला 'वापरकर्ता' म्हणतात. या शब्दात सोय आहे, आणि धोकाही आहे. कारण यंत्र वापरणारा आणि यंत्राच्या वापरात येणारा, हे दोघे वेगळे असू शकतात, आणि दुसऱ्याला या परिभाषेत नावच नाही. त्याला नाव देणे ही पहिली पायरी होय. ज्याची नोंद होते त्याला ती नोंद वाचता यावी, ही दुसरी. घरकामाच्या बाईच्या येण्याजाण्याच्या वेळा आज तिच्यावरील देखरेखीचे साधन आहेत. त्याच वेळा तिच्या हाती आल्या तर तिने केलेल्या कामाच्या दिवसांचा तो पुरावा ठरतो, आणि त्यासाठी यंत्रात मोठा बदल करावा लागत नाही. यादीबाहेरचे उत्तर स्वीकारण्याची आणि ते वाचण्यासाठी कोणा माणसाला बांधून घेण्याची व्यवस्था, ही तिसरी पायरी. ती मात्र खर्चिक आहे, कारण यंत्राचा पुष्कळसा नफा अशा माणसाला काढून टाकण्यातूनच येत असतो.

नगराची प्रगती त्याच्या यंत्रांच्या वेगावरून मोजण्याची सवय आता रूढ झाली आहे. वेगाचे महत्त्व मान्य करूनही असे म्हणावे लागते, की नगराची सभ्यता त्याच्या ऐकण्याच्या शक्तीवरून ठरते, आणि ऐकण्याला वेळ लागतो. पूर्व दिल्लीतील एखाद्या फाटकावर उभ्या असलेल्या बाईला उशिराचे कारण सांगता आले, गेल्या महिन्याचे भरलेले दिवस मोजून मागता आले, आणि 'माझ्याविषयी येथे काय लिहिले आहे' असे विचारून त्याचे उत्तर मिळाले, तर त्या फाटकावरच्या यंत्राला संवादी म्हणण्यास कोणाचीच हरकत असणार नाही. तोवर ते प्रतिसाद घेणारे एक चोख यंत्र आहे, आणि त्याला त्याच नावाने ओळखणे प्रामाणिकपणाचे होईल.